गँगरीन : वैद्यकातून राजकारणात गेलेला एक शब्द



रोगांची नावे माणसाला भिववणारी असतातच. पण त्यांतही एक नाव असे आहे की ते कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात रोगाच्या आधी शस्त्र उभे राहते. घरातील मधुमेही वडील माणसाच्या पायाचा अंगठा काळा पडतो, डॉक्टर ‘गँगरीन’ म्हणतात, आणि घरची मंडळी ‘हे कशाने झाले’ असे विचारण्यापूर्वी ‘कुठवर कापावे लागेल’ असे विचारतात. हिवताप म्हटले की क्विनाइन आठवते, क्षय म्हटले की पूर्वी हवापालट आठवे आणि आता गोळ्या आठवतात. गँगरीन म्हटले की सुरी आठवते. हा शब्द वैद्यकाच्या पोथीतून निघून धर्मात आणि राजकारणात गेला तेव्हा ती सुरीही त्याच्याबरोबर गेली. म्हणून इतिहासात जेथे जेथे हा शब्द भेटेल तेथे तेथे सुरी कोणाच्या हाती आहे आणि ती कशावर चालणार आहे, एवढे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला वाटते. आजच्या व्याख्यानात मी तेच करणार आहे.

रोगाविषयी थोडे आधी सांगितले पाहिजे. शरीराच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तेथील मांस मरते. रक्तवाहिनी सावकाश बंद होत गेली तर तो भाग वाळतो, काळा पडतो, आणि जिवंत व मृत मांसाच्या मध्ये एक स्पष्ट रेघ उमटते. याला कोरडे गँगरीन म्हणतात. जंतू शिरले तर मात्र भाग सुजतो, दुर्गंधी सुटते, विष अंगभर पसरू लागते, आणि अशा ओल्या गँगरीनमध्ये ती रेघ नीट उमटत नाही. तिसरा प्रकार वायूचा. त्याचा मुख्य जंतू विल्यम वेल्च या अमेरिकन वैद्याने १८९२ साली वर्णिला, आणि पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या जखमांतून त्याने हजारो सैनिक नेले. ही रेघ ध्यानात ठेवावी. शस्त्रवैद्य तिच्यासाठी थांबतो, तिला शोधतो. समाजाला रोगी म्हणणाऱ्यांना ती नेहमी अगोदरच दिसलेली असते.

शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक वैद्य त्याला ‘गांग्राइना’ म्हणत. कुरतडणे, खाणे अशा अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडण्याची रीत जुनी आहे. ती व्युत्पत्ती पक्की धरली नाही तरी ‘खात जाणारा रोग’ ही भावना ग्रीकांच्या मनात होती, यात शंका नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला थोर वैद्य गेलेन याने येथे एक भेद केला आहे. मांस मरू लागले आहे पण अजून पुरते मेलेले नाही, ती अवस्था ‘गांग्राइना’. पुरते मेले, स्पर्श कळेनासा झाला, ती अवस्था ‘स्फाकेलोस’. म्हणजे मूळ शब्दात थोडी आशा शिल्लक होती. वैद्याने धावून यावे अशी ती अवस्था होती. पुढे लाक्षणिक अर्थाच्या प्रवासात ही आशा पहिल्या टप्प्यावरच गळून पडली.

त्याला कारण बहुधा रोमन शस्त्रवैद्यक असावे. गेलेनच्या शे-सव्वाशे वर्षे आधी सेल्सस या लॅटिन ग्रंथकाराने अवयव कापण्याची रीत लिहून ठेवली आहे. इतर उपाय हरले म्हणजे जिवंत व मृत यांच्या संधीवर कापावे, आणि रोगट भाग मागे राहू देण्यापेक्षा थोडा निरोगी भाग गेला तरी चालेल, असा त्याचा सल्ला आहे. मांडीच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. शस्त्रक्रियेत रोगी मरण्याचा धोका आहे, हेही तो लपवीत नाही. पण हेच वाक्य राज्याला लावून पाहा. ‘थोडे निर्दोष गेले तरी चालेल, पण एकही दोषी राहता कामा नये’ असे त्याचे रूप होते, आणि मग ते वैद्यकाचे राहत नाही.

राज्याला ते लावणारेही रोममध्ये होतेच. इसवी सनापूर्वी ४३ च्या फेब्रुवारीत सिसेरोने अँटनीविरुद्धचे आपले आठवे भाषण सेनेटपुढे केले. कॅलेनस नावाचा सभासद तडजोडीची, शांततेची भाषा बोलत होता. त्याला उत्तर देताना सिसेरो म्हणतो की सगळे शरीर जाण्यापेक्षा एक अवयव गेलेला बरा म्हणून आपण डागणे-कापणे सोसतो. तसेच राज्याच्या देहात जे घातक असेल ते कापून टाकावे. ‘गँगरीन’ हा शब्द त्याने तेथे वापरलेला नाही, परंतु सगळा युक्तिवाद त्या रोगाचाच आहे. पुढे वर्ष संपायच्या आत सत्ता फिरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अँटनीच्या माणसांनी सिसेरोला गाठून मारले, आणि त्याचे शिर व हात तोडून रोमच्या ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे तेथेच मांडून ठेवले. अँटनीच्या दृष्टीने रोगट अवयव कोणता होता, हे निराळे सांगायला नको.

आपल्याकडे कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाच्या वर्णनात ही कल्पना आली आहे. दुष्ट मनुष्य प्रिय असला तरी राजा त्याचा त्याग करी, जसे साप चावलेले बोट टाकून द्यावे. येथे ‘प्रिय असला तरी’ ही अट मला मोलाची वाटते. बोट स्वतःचे आहे, ते तोडताना दुखणार आहे. युरोपातील पुढच्या इतिहासात या दुःखाचा मागमूस राहत नाही. कापणारा आपण आणि कापला जाणारा कोणी परका, अशी वाटणी होते.

आता खुद्द शब्दाकडे येऊ. बायबलाच्या नव्या करारात पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र आहे. हिमेनेयस आणि फिलेटस हे दोघे पुनरुत्थान होऊन गेले असे शिकवीत आणि लोकांची श्रद्धा डळमळीत करीत. त्यांचे बोलणे गँगरीनसारखे पसरत जाईल, असा इशारा तेथे दिला आहे. मूळ ग्रीकात ‘पसरत जाईल’ यासाठी जो शब्दप्रयोग आहे त्याचा अक्षरशः अर्थ ‘त्याला चराऊ कुरण मिळेल’ असा होतो. गुरांच्या चरण्याचा शब्द ग्रीक वैद्यांनी पसरणाऱ्या व्रणाला लावला होता. इंग्रजीत हे नीट उतरवता येत नाही; मराठीत मात्र काही करावेच लागत नाही. आपली गुरे चरतात, आणि आपला नायटा व आपली जखमही चरत जाते. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक आणि आजचा शेतकरी यांना एकच चित्र दिसले आहे. कडेकडेने, सावकाश, तोंड खाली घालून, पुढचे पुढचे खात जाणारे असे काहीतरी!

या पत्रात रोगावर उपाय काय सांगितला आहे? त्याच अध्यायाच्या अखेरीस म्हटले आहे की प्रभूच्या सेवकाने भांडू नये, सर्वांशी सौम्यपणे वागावे, विरोध करणाऱ्यांना नम्रतेने शिकवावे. रोगाचे नाव भयंकर आणि औषध मात्र मृदू. पौलाच्याच नावाच्या दुसऱ्या एका पत्रात याच हिमेनेयसला सैतानाच्या हवाली केल्याचा उल्लेख आहे, तेव्हा सौम्यपणाचे श्रेय फार देऊ नये हे खरे. तरीसुद्धा सुरी अजून निघालेली नव्हती.

ती चौथ्या शतकात निघाली. गलतीकरांच्या पत्रावर भाष्य लिहिताना संत जेरोमने सडके मांस कापून काढावे, लूत लागलेली मेंढी कळपातून हाकलावी, असे सांगितले. आणि अलेक्झांड्रियातला एरियस ही पहिल्याने एकच ठिणगी होती, ती वेळीच विझवली नाही म्हणून सगळे जग पेटले, अशी पुस्ती जोडली. तेराव्या शतकात टॉमस अ‍ॅक्वायनसने पाखंड्यांना सहन करावे काय, हा प्रश्न घेतला. एकदोनदा समज देऊनही पाखंडी ऐकत नसेल तर चर्चने त्याला बाहेर काढावे आणि ऐहिक सत्तेने त्याला जगातून काढून टाकावे, असा निर्णय देताना त्याने आधारासाठी जेरोमचे हेच वचन पुढे केले. भाष्यकाराची उपमा अशा रीतीने न्यायाधीशाचे प्रमाण झाली. अ‍ॅक्वायनससारखा तर्ककठोर मनुष्य एरवी उपमेला पुरावा मानीत नाही. येथे त्याने मानली, कारण ती वैद्याच्या वेषात आली होती. वैद्यावर खुनाचा आरोप कोण करील?

भाषांतरांची एक गंमत जाता जाता सांगतो. लॅटिन बायबलात या जागी ‘कॅन्सर’ हा शब्द आला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात त्याचाच भाऊ ‘कँकर’. ‘गँगरीन’ हा शब्द इंग्रजी पाठात १८८१ च्या सुधारित आवृत्तीत आला. पण ग्रीक जाणणाऱ्या धर्मोपदेशकांना तो आधीपासून ठाऊक होता, आणि त्यांतल्या एकाने तो आपल्या ग्रंथाच्या माथ्यावरच लिहिला.

त्याचे नाव टॉमस एडवर्ड्स. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे यादवी युद्ध चालू होते. १६४१ मध्ये स्टार चेंबरचे न्यायालय रद्द झाल्यावर छापखान्यांवरचा जुना धाक गेला, आणि जो तो पुस्तके छापू लागला. चांभार, विणकर, साबण करणारे लोक बायबल उघडून प्रवचने करू लागले. बायकाही करू लागल्या. एडवर्ड्स प्रेस्बिटेरियन पंथाचा. एक देश, एक चर्च, एक शिस्त हे त्याचे ध्येय. १६४६ या एकाच वर्षात त्याने ‘गँग्रीना’ या नावाने तीन जाडजूड भाग प्रसिद्ध केले. पहिल्या भागात त्याने १७६ चुकीची मते क्रमांक घालून मांडली. त्यांत त्रैक्य नाकारणारे मत आहे, आत्मा मर्त्य आहे हे मत आहे, आणि कोणाच्याही सद्‌सद्विवेकावर राज्याने जुलूम करू नये हेही मत आहे! म्हणजे सहिष्णुता हाही त्याच्या यादीत एक रोगच होता. किंबहुना तिच्या आश्रयाने बाकीचे सगळे रोग वाढतात अशी त्याची समजूत होती.

ग्रंथाची सामग्री त्याने कशी जमवली तेही पाहण्याजोगे आहे. निरनिराळ्या परगण्यांतून लोक त्याला पत्रे लिहीत : आमच्या गावात अमुक मनुष्य असे असे बोलला. ही पत्रे, ऐकीव गोष्टी, सभांचे वृत्तांत तो छापीत जाई. लंडनच्या बेल अ‍ॅलीत लेस विकणारी अ‍ॅटवे नावाची एक बाई प्रवचने करी. तिच्या सभांचा वृत्तांत एडवर्ड्सने मोठ्या तिरस्काराने दिला आहे. आता असे झाले आहे की त्या बाईविषयी आपल्याला जे कळते ते बव्हंशी या शत्रूच्याच लेखणीतून. ज्यांना कापून टाकावे म्हणून यादी केली त्यांचे आवाज त्या यादीनेच जपून ठेवले, आणि आजचे इतिहासकार सतराव्या शतकातल्या सामान्य बंडखोरांना शोधायला प्रथम ‘गँग्रीना’ उघडतात.

उत्तरे पुष्कळ आली. कॅथरीन चिडली या बाईने तर त्याच्याशी वाद १६४१ पासूनच मांडला होता. मिल्टनने एका सुनीतात त्याला उथळ ठरवले. पण मला सर्वांत आवडते ते विल्यम वॉल्विनचे उत्तर. हा लंडनचा व्यापारी, पुढे लेव्हलर पक्षाच्या पुढाऱ्यांपैकी एक. एडवर्ड्स जर वैद्याचा आव आणतो तर त्याच्याशी त्याच भाषेत बोलावे, असे याने ठरवले. १६४६ मध्येच त्याने एक रूपककथा छापली. तीत प्रेम, संयम, सत्य, न्याय अशा नावांचे वैद्य एका रोग्याभोवती सल्लामसलतीला जमतात, आणि रोगी आहे खुद्द एडवर्ड्स. त्याला मारून टाकावे असे त्यांपैकी कोणीही म्हणत नाही. ते त्याच्यावर उपचार करतात. या विनोदात एक गंभीर मुद्दा दडलेला आहे. शरीराचे रूपक खरोखर मनापासून घेतले तर रोगी हा बरा करण्यासाठी असतो.

एडवर्ड्सचा विजय झाला नाही. १६४७ च्या ऑगस्टात क्रॉमवेलच्या पक्षाची फौज लंडनमध्ये शिरली, तो हॉलंडात पळाला आणि १६४८ च्या आरंभी तेथे वारला. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात पार्लमेंटने ईश्वरनिंदेविरुद्ध कायदा केला आणि त्रैक्य नाकारणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली. तो कायदा फारसा अमलात आला नाही, हे इंग्लंडचे भाग्य.

या रोगाच्या बाबतीत चूक उलट्या बाजूनेही होते. १७१५ च्या ऑगस्टात फ्रान्सचा चौदावा लुई पायाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. राजवैद्य फागों याने ही कटिस्नायूची वेदना आहे असे निदान केले. पायावर काळे डाग उमटले तरी ते बदलायला तो लवकर तयार होईना. शेवटी नाव कळले तेव्हा उपाय राहिला नव्हता. १ सप्टेंबरला बहात्तर वर्षांची कारकीर्द संपली. नसलेले गँगरीन दाखवणे हा एक अपराध आणि असलेल्याला साधे दुखणे म्हणणे हा दुसरा. फ्रान्सच्या पुढच्या इतिहासात हा दुसरा अपराध पुन्हा भेटतो. त्याआधी पहिल्याचा कळस सांगितला पाहिजे.

आउश्वित्सच्या छावणीत एला लिंगेन्स ही ऑस्ट्रियन डॉक्टर स्त्री कैदी होती. ज्यूंना मदत केली हा तिचा गुन्हा. फ्रिट्झ क्लाइन या छावणीच्या डॉक्टरला तिने धुराड्यांकडे बोट दाखवून विचारले की हिपोक्रेटिसच्या शपथेशी याचा मेळ तुम्ही कसा घालता? तो म्हणाला की मी डॉक्टर आहे, मला जीव वाचवायचा आहे. आणि गँगरीन झालेले आंत्रपुच्छ जसे शरीरातून काढतात तसा मानवजातीच्या शरीरातून ज्यू काढायचा आहे. रॉबर्ट लिफ्टन यांच्या नाझी डॉक्टरांवरील १९८६ च्या ग्रंथामुळे हा संवाद सर्वत्र माहीत झाला. सिसेरो वकील होता, अ‍ॅक्वायनस धर्मपंडित, एडवर्ड्स प्रवचनकार. हे सगळे वैद्यकाची भाषा उसनी घेत होते. येथे प्रत्यक्ष वैद्यच ती बोलतो आहे. त्या छावणीत सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली, त्यांत दहा लाखांच्या आसपास ज्यू होते. क्लाइनला १९४५ च्या डिसेंबरात फाशी झाली.

इतके झाल्यावर हा शब्द कायमचा टाकून द्यावा, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. पण शब्दांच्या नशिबी कधी कधी उलटी कलाटणी असते. ती आली पॅरिसमध्ये, १९५९ साली.

अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध १ नोव्हेंबर १९५४ ला सुरू झाले. फ्रेंच सरकार त्याला युद्ध म्हणत नसे. ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ म्हणत असे. पकडलेल्यांचा छळ होतो हे अल्जीरियात सर्वांना माहीत होते. ऑरी आलेग या पत्रकाराने स्वतःच्या छळाची हकीकत ‘प्रश्न’ या नावाने १९५८ मध्ये छापली, आणि सरकारने ते पुस्तक जप्त केले. प्रकाशक होता एदिसियाँ द मिन्युई. ही संस्था जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये चोरून पुस्तके छापण्यासाठी जन्माला आली होती. १९५९ च्या जूनमध्ये तिचे चालक जेरोम लँदों यांनी आणखी एक लहानसे पुस्तक काढले. त्याचे नाव ‘गँगरीन’.

त्यात काही अल्जीरियन तरुणांच्या जबान्या होत्या. १९५८ च्या डिसेंबरात त्यांना पकडून मारहाण, विजेचे झटके, पाण्यात बुडवणे असा छळ झाला. कोठे? अल्जीरियात नव्हे, खुद्द पॅरिसमध्ये, र्‍यू दे सोसे या रस्त्यावरील गुप्त पोलिसांच्या कचेरीत. याच इमारतीत जर्मन अंमलात गेस्टापोचे ठाणे होते. फ्रेंच देशभक्तांच्या किंकाळ्या जेथे घुमल्या तेथे पंधरा वर्षांच्या आत फ्रेंच पोलीस दुसऱ्यांच्या किंकाळ्या काढीत होते. पुस्तक थोड्याच दिवसांत जप्त झाले. पंतप्रधान मिशेल देब्रे यांनी ते सगळे बनावट असल्याचे सांगितले. जबानी देणाऱ्यांपैकी बशीर बुमाझा हे पुढे स्वतंत्र अल्जीरियात मंत्री झाले.

पुस्तकाच्या नावात येथे काय पालटले ते पाहावे. आतापर्यंत बंडखोर, पाखंडी, परका यांना गँगरीन म्हणत. आता बंडखोरांची जबानी छापणारा मनुष्य राज्यकर्त्यांच्या कृत्याला गँगरीन म्हणतो आहे. आणि उपमा किती नेमकी आहे! दूरच्या वसाहतीत, म्हणजे टोकाच्या अवयवात सुरू झालेली सड राजधानीपर्यंत चढत आली. पायाच्या अंगठ्यापासून मांडीपर्यंत चढावी तशी. शिवाय येथे सुरी चालवायची तर ती छळाच्या पद्धतीवर चालवावी लागेल. कोणा मनुष्याला कापून ती बंद होण्याजोगी नाही.

तरी माझी एक तक्रार राहतेच. या उपमेत रोगी कोण आहे? फ्रान्स. फ्रान्सची अब्रू, फ्रान्सचे प्रजासत्ताक, फ्रान्सचे आरोग्य. विजेच्या तारा मात्र लावल्या होत्या त्या अल्जीरियन देहाला. त्या काळच्या पुष्कळ सद्‌हेतूच्या फ्रेंच लेखकांना दुसऱ्याच्या जखमेपेक्षा आपल्या देशाच्या प्रकृतीची काळजी जास्त होती, असे त्यांचे लेखन वाचताना वाटते. शरीराचे रूपक चांगल्या हातातही असे वागते.

आपल्याकडे ‘कोथ’ हा आयुर्वेदाचा जुना शब्द गँगरीनसाठी वैद्यकीय लेखनात वापरतात; तो पोथीतच राहिला, वर्तमानपत्रात आला नाही. आपली सड सांगायला आपण कीड, वाळवी, नासका आंबा यांच्याकडे जातो. एक आंबा नासला की सगळी आढी नासते, हे या वैशाखात निराळे समजवायला नको. पण भ्रष्टाचाराला कीड म्हणणे वेगळे आणि एखाद्या जातीला किंवा धर्माच्या लोकांना कीड म्हणणे वेगळे. दुसरे बोलणे आपल्या सभांतूनही ऐकू येते, आणि आंबा आढीतून काढून फेकतात हे ऐकणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, आणि फ्रान्सने त्या विषयावर पट्टी बांधली. गुन्ह्यांना कायद्याने माफी मिळाली, कागद कपाटात गेले. १९९१ मध्ये इतिहासकार बेंजामँ स्तोरा यांनी या विस्मरणावर ग्रंथ लिहिला आणि नाव दिले ‘गँगरीन आणि विस्मृती’. स्वतः स्तोरा अल्जीरियात, कॉन्स्टंटीन शहरी जन्मलेले. आता शब्दाचा अर्थ आणखी एक पाऊल सरकला होता. पट्टीखाली, कोणी उघडून पाहत नाही म्हणून चरत राहणारी जखम, असा तो झाला. फागोंने पायाच्या काळ्या डागांना दिलेल्या नावासारखे ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ हे नाव सरकारी कागदांत टिकून होते. ते काढून ‘युद्ध’ हा शब्द कायद्याने आला तो १९९९ च्या ऑक्टोबरात, युद्ध संपल्यावर सदतीस वर्षांनी.

मॉरिस ऑदँ हे अल्जीअर्स विद्यापीठातील पंचवीस वर्षांचे गणितज्ञ होते. ११ जून १९५७ ला फ्रेंच सैनिकांनी त्यांना घरातून नेले. ते कैदेतून पळाले, असे त्यांच्या पत्नीला सांगण्यात आले. १३ सप्टेंबर २०१८ ला राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी तिच्या घरी जाऊन लेखी निवेदन दिले : त्यांचा छळ झाला होता, आणि तो राज्याने उभारलेल्या व्यवस्थेतून झाला होता. जोझेत ऑदँ तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत त्या वारल्या. पतीचा मृतदेह त्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही.